बायकोला हिपॅटायटिस बी निघालंय, लेकराला होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही धारूर तालुक्यातले. बायको २१ वर्षांची, पहिलटकरीण, सत्ताविसावा आठवडा चालू आहे. रक्त तपासलं तर एचबीएसएजी (अंगात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे का ते सांगणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं. लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणते, हिचं दूध लेकराला पाजायचं नाही. एकानं सांगितलं, सिझर केलं तर बाळाला लागत नाही. तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. दिवाळी झाली की आम्हाला ऊसतोडीला कर्नाटकात जायचंय, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली आहे. लेकराला होणार का नाही, तेवढं सांगा."

मी बीड जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं बाळंतपणं करते. तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढं उत्तर पुरत नाही, कारण त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. तुमच्या बायकोच्या रक्तात विषाणू किती आहे, हा पहिला. आणि जन्मल्यावर पहिले बारा तास लेकरू कुठे असणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका तपासणीत मिळतं. मला धास्ती दुसऱ्याची आहे, आणि तुमच्या प्रश्नातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून ती वाढली.

त्याआधी तुम्ही न विचारलेलं सांगते. असा रिपोर्ट आला की घरात पहिली कुजबुज होते ती "हिला हे कुठून लागलं?" याची. मोठ्या माणसाला ही लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचं शरीर ती स्वतःच परतवून लावतं. जन्माच्या वेळी झाली तर उलटं होतं, शंभरातल्या साधारण नव्वद बाळांत ती कायमची मुक्काम करते. त्यामुळे एकवीस वर्षांच्या, कधीही आजारी न पडलेल्या पोरीत हा विषाणू सापडतो तेव्हा तो बहुतेक वेळा तिच्या मायकडून किंवा अगदी लहानपणी आलेला असतो. तिचा यात काही दोष नाही. तुम्ही स्वतः तपासून घ्या, निगेटिव्ह असाल तर आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी अशा तीन लसी घ्या. तिची आई आणि भावंडं यांनाही तपासायला सांगा. माझ्याकडे एका सुनेच्या रिपोर्टवरून तिच्या माहेरची चार माणसं सापडली होती, त्यातल्या एकीचं लिव्हर बरंच खराब झालेलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता.

आपल्याकडे हिला पांढरी कावीळ म्हणतात आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं येते त्या काविळीत हिला मिसळून टाकतात. पाण्यातून येणारी ती हिपॅटायटिस ए किंवा ई. त्यातली ई गरोदरपणात फार वाईट, शेवटच्या महिन्यांत आईचा जीव घेऊ शकते. पण तिचा या रिपोर्टशी संबंध नाही. बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जाते. एका ताटात जेवल्यानं, एका हंड्यातलं पाणी प्यायल्यानं जात नाही, म्हणून तिची भांडी वेगळी करू नका. आणि काविळीची माळ, नाकात घालायचं औषध, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन "कावीळ उतरवणं" यासाठी कुठं जाऊ नका. साध्या काविळीत माणूस बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि नाव औषध देणाऱ्याचं होतं. इथे तर उतरवायला कावीळच नाही, डोळेही पिवळे नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे. नऊ महिने वार (प्लासेंटा) आईचं आणि बाळाचं रक्त वेगळं ठेवते. थोड्या बाळांना पोटातच लागण होते, पण बहुतेकांना ती बाळंतपणाच्या वेळी होते, कळांमध्ये वारेतून झिरपणाऱ्या आणि वाटेत लागणाऱ्या रक्तानं. म्हणजे धोक्याची वेळ आपल्याला आधीच माहीत असते, अशी सोय फार कमी आजारांत मिळते. कुत्रं चावल्यावर आपण काय करतो? जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन आणि सोबत लस. इथंही तेच. जन्मल्यावर बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन. दुसरं इंजेक्शन तयार पहारेकरी उभे करतं, लस बाळाला स्वतःचे पहारेकरी घडवायला शिकवते.

काहीच केलं नाही तर किती बाळांना होतं, हे आईवर अवलंबून आहे. तिच्या रक्तात ई-अँटिजेन असेल, म्हणजे विषाणू जोरात वाढत असेल, तर शंभरातल्या ७० ते ९० बाळांना. तो नसेल तर १० ते ४० बाळांना. फरक बघा केवढा आहे. म्हणून नुसतं "पॉझिटिव्ह" या शब्दावर मी कधीच थांबत नाही.

आणि इथेच "लिव्हर नॉर्मल आहे, काळजी नको" हे वाक्य मला खटकतं. आईच्या तब्येतीपुरतं ते बरोबर आहे. बाळासाठी नाही. जन्मापासून विषाणू असलेल्या तरुण बायकांत शरीर त्याला ओळखीचा पाहुणा समजून त्याच्याशी लढतच नाही. लढाई नाही, म्हणून लिव्हरला इजा नाही, म्हणून एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची इजा दाखवणारी तपासणी, अगदी चाळीसच्या आत. पण अडवणारं कोणी नसल्यानं विषाणू मनसोक्त वाढलेला असतो, मिलीलीटरला कोटींच्या घरात. मी अशा कितीतरी पोरी पाहिल्या आहेत, ठणठणीत, शेतात खुरपणारी, रिपोर्ट स्वच्छ, आणि विषाणूचा आकडा वाचताना शून्यं मोजावी लागतात. वय जितकं कमी तितकी ही शक्यता जास्त. तुमची बायको २१ वर्षांची आहे. तिचा आकडा जास्तच असेल असं मी म्हणत नाही. पण नॉर्मल एसजीपीटीवरून तो कमी असेल असंही कोणी म्हणू शकत नाही.

म्हणून याच आठवड्यात एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी करा. सोबत ई-अँटिजेन, एसजीपीटी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), आणि एचआयव्हीची तपासणी झालेली नसेल तर तीही. डीएनए मिलीलीटरला २ लाख आययूपेक्षा (आययू हे विषाणू मोजायचं एकक) जास्त निघाला तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आईला टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू करतात. सत्ताविसाव्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, हे बरं झालं. बाळंतपणापर्यंत बारा आठवडे मिळतात आणि तेवढ्यात आकडा बराच खाली येतो. डीएनए होतच नसेल तर ई-अँटिजेनवर निर्णय घेता येतो. तेही जमत नसेल तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्या गरोदर बाईला सरसकट गोळी द्यायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ पासून मुभा दिली आहे. गोळी पोटातल्या बाळाला आणि दुधावरच्या बाळाला चालते. ती मनानं सुरू किंवा बंद मात्र करायची नाही. एचआयव्हीची तपासणी आधी का, तर हेच औषध एचआयव्हीवरही चालतं, आणि एचआयव्ही असताना ते एकटं दिलं तर तो विषाणू त्याला दाद देईनासा होतो. दोन्ही असतील तर तीन औषधांची एकत्र गोळी लागते, ती सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या केंद्रात, मोफत मिळते.

गोळीचा उपयोग किती? दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात, कारण ते एकमेकांशी थोडे भांडतात. चीनमध्ये खूप विषाणू असलेल्या २०० गरोदर बायका घेतल्या, निम्म्यांना टेनोफोव्हिर दिलं. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन सगळ्याच बाळांना दिलं. शेवटपर्यंत नियमानं पाळणाऱ्यांत गोळीवाल्या आयांच्या एकाही बाळाला लागण झाली नाही, बाकीच्यांत शंभरी ७ बाळांना झाली. तो अभ्यास २०१६ सालचा. २०१८ साली थायलंडच्या अभ्यासात मात्र गोळी न घेतलेल्यांतही शंभरी दोनच बाळांना झाली. फरक कशामुळे? माझा तर्क असा: थायलंडमध्ये बाळांना दोन्ही इंजेक्शनं जन्मल्यापासून साधारण सव्वा तासात मिळाली होती. सव्वा तास! आपल्याकडे तेवढ्यात कधी कधी मेडिकलवाल्याला झोपेतून उठवणंही होत नाही. त्यामुळे आपण गोळीही सोडायची नाही आणि घाईही. जिथं इंजेक्शनाला उशीर होण्याची भीती जास्त, तिथं गोळीला महत्त्व जास्त.

आईच्या बाजूनं धोका वाढवणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत, त्या तुमच्या बाबतीत कमी लागू दिसतात. लागण नव्यानं आणि शेवटच्या तीन महिन्यांत झालेली असणं, एचआयव्ही सोबत असणं, विषाणू खूप असताना पोटात सुई घालून गर्भजल काढणं, आणि इंजेक्शनं देऊनही आधीच्या लेकराला लागण झालेली असणं. शेवटची गोष्ट ऐकली की मी आकड्याची वाट न बघता पोटविकारतज्ज्ञांना फोन करते. अंगात रक्त कमी असण्यानं लागण वाढत नाही, पण आपल्याकडे आठ-नऊ हिमोग्लोबिन घेऊन बाया कळा देतात, तेव्हा लोहाच्या गोळ्या चालूच ठेवा.

सिझरबद्दल: नुसत्या या कारणासाठी करायचं नाही. लस, इम्युनोग्लोब्युलिन आणि गरज असेल तिथं गोळी मिळाल्यावर सिझरनं जास्तीचं काही हाती लागत नाही. वरून पोटावर व्रण आणि पुढच्या खेपेची चिंता. बाळ आडवं असेल, कळा अडल्या तर करावंच लागेल, ते कारण वेगळं.

दुधाबद्दल तुमच्या आईला माझं नाव सांगून सांगा हवं तर: पाजायचं, पहिल्या तासातच पाजायचं, चीक फेकायचा नाही. दुधानं लागण वाढत नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते भरेपर्यंत त्या बाजूचं दूध पिळून काढून टाका, दुसऱ्या बाजूनं पाजा. वरच्या दुधाची बाटली आणि आपल्याकडचं पाणी मिळून लेकराचं जे होतं, ते मी दर उन्हाळ्यात बघते.

आता तो बारा तासांचा प्रश्न, आणि माझी स्वतःची चूक. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याच दवाखान्यात एक बाई शनिवारी रात्री बाळंत झाली. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, आम्हाला आधीपासून माहीत. इम्युनोग्लोब्युलिन नातेवाइकांना शहरातून आणायला सांगितलं होतं, काही हजारांचं इंजेक्शन, त्यांनी "कळा लागल्या की आणू" म्हणून ठेवलं. रविवारी दुकान बंद. मी समजले लस तरी सिस्टरनं दिली असेल, सिस्टर समजली दोन्ही बरोबरच द्यायचं आहे. सोमवारी दुपारी फाईल उघडली तेव्हा चाळीस तास उलटले होते. त्या मुलाची वर्षाची तपासणी पॉझिटिव्ह आली. आईचा डीएनए आम्ही केलेला नव्हता, तेव्हा तो महागही होता, त्यामुळे त्या लेकराला लागण उशिरामुळे झाली की तशीही होणारच होती, हे मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून माझ्याकडे अशा बाईच्या फाईलवर लाल पेनानं मोठं लिहिलेलं असतं आणि चौतिसाव्या आठवड्यात इम्युनोग्लोब्युलिन माझ्या फ्रिजमध्ये येऊन पडतं.

तुम्ही हेच करा. बाळंतपण जिथं होणार तिथं आत्ताच जाऊन विचारा: जन्माची लस रात्री आणि रविवारी देता का, आणि इम्युनोग्लोब्युलिन ठेवाल का. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, त्यात तपासणी, टेनोफोव्हिर आणि इम्युनोग्लोब्युलिन मोफत देण्याची तरतूद आहे. धारूरहून तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय सोयीचं पडेल. तिथं आधीच नाव नोंदवा आणि साठा आहे का ते तोंडी नाही, डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. जन्माची लस देण्याची मुदत कागदावर चोवीस तासांची आहे, पण तुमच्या बाळासाठी ती बारा तास समजा, आणि खरं तर बाळंतखोलीतच द्या म्हणून मागे लागा. "एका बाळासाठी दहा डोसची बाटली कशी फोडू" असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की सरकारी नियमानुसार हिपॅटायटिस बीची उघडलेली बाटली, नीट थंड ठेवली तर, चार आठवडे वापरता येते. इम्युनोग्लोब्युलिन मिळायला उशीर होत असेल तर लस त्यासाठी थांबवायची नाही. नुसती लस वेळेवर मिळाली तरी बहुतेक बाळं वाचतात. इंजेक्शनाआधी बाळाची मांडी नीट पुसून घ्यायला सांगा, म्हणजे आईचं रक्त सुईबरोबर आत जाणार नाही. बाळ दोन किलोच्या आतलं असलं तरी जन्माची लस द्यायचीच.

आणि आता उचल. मला माहीत आहे, हे बोलणं सोपं आणि करणं अवघड. जोडीनं पूर्ण कोयता धरून उचल घेतलेली असते, एक माणूस मागे राहिला की अर्धा कोयता, आणि हिशोब मुकादमाच्या हातात. तरीही तिला उसाच्या फडावर नेऊ नका. डिसेंबरात ऐन हंगाम असतो. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मध्यरात्री कळा सुरू झाल्या, ट्रॅक्टर मिळेस्तोवर बाळ झालं, अनोळखी गावात, भाषा वेगळी, तिथल्या सिस्टरला रिपोर्टचं माहीत नाही, या सगळ्यात बारा तास कधी जातात ते कळतही नाही. माझ्याकडे अशीच एक बाळंतीण अकराव्या दिवशी आली होती, बाळाला एकही टोचणी झालेली नव्हती. इम्युनोग्लोब्युलिन आठवड्यानंतर देऊन फारसा उपयोग नसतो, आम्ही फक्त लसी सुरू केल्या. तुम्ही तिला माहेरी किंवा घरी आईपाशी ठेवून पुढे जा. मुकादमाशी आत्ताच बोला, दसऱ्याच्या तोंडावर तो ऐकणार नाही. आणि अगदीच न्यावं लागलं तर, मला हे पटत नाही तरी सांगते, फडापासून जवळचं सरकारी रुग्णालय पहिल्याच आठवड्यात गाठून तिथं नाव नोंदवा, कार्ड आणि रिपोर्टची झेरॉक्स तिच्या जवळ पिशवीत ठेवा, आणि नववा महिना लागला की कामावरून तिला बाजूला करा.

बाळंतपणानंतर दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, आई. बाळ झालं की शरीराची झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते, आणि काहींचं एसजीपीटी एकदम चढतं, विशेषतः गोळी बंद केल्यावर. म्हणून सहा महिने तिची तपासणी चालू ठेवायची. थकवा, मळमळ, डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवायचं. दुसरी गोष्ट, कान टोचणं आणि जावळ. बारशाच्या दिवशी सोनाराकडे एकाच तारेनं सगळ्या वाडीची लेकरं टोचली जातात. तार नवी हवी, ब्लेड नवं हवं, आणि घरात आईचं ब्लेड, ब्रश, नखं काढायचं यंत्र वेगळं.

पुढच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या एकत्र लसीमधूनच मिळतात. तुमच्या हिशोबानं जानेवारीचा शेवट ते मार्चचा शेवट, म्हणजे तुम्ही फडावर असाल तेव्हा. ती गावी असेल तर आशाताईंना तारखा देऊन ठेवा.

बाळाचं रक्त जन्मल्याबरोबर तपासू नका. आईची प्रतिपिंडं आणि इंजेक्शनातली प्रतिपिंडं त्यात फिरत असतात, रिपोर्ट गोंधळात टाकतो. नऊ महिने पूर्ण झाले की एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (बाळाची स्वतःची प्रतिपिंडं मोजणारी) या दोन तपासण्या करा. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी १० किंवा जास्त आली की लेकरू सुटलं. तुमच्या बाबतीत ते पुढच्या सप्टेंबरात येतं, पुढच्या हंगामाला निघायच्या आधी. तोवर कोणी "सहा महिन्यांचं झालं, बघून टाकू" म्हणालं तर थांबा.

डीएनएचा रिपोर्ट आला की इथंच लिहा, पण आकड्यासोबत एकक नक्की लिहा. काही प्रयोगशाळा आययूमध्ये देतात, काही कॉपीजमध्ये, आणि एका आययूला साधारण पाच कॉपीज होतात. म्हणजे कॉपीजमधले १० लाख म्हणजे आपले २ लाख आययू. एकाच रिपोर्टवर एकानं गोळी द्या आणि दुसऱ्यानं नको म्हटलेलं मी बघितलंय, भांडण फक्त या एककाचं होतं.